चौदा हजार चारशे

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात काचेची तार आली. तार म्हणायची सवय, बाकी तिच्यात तार कुठली! दोऱ्याएवढी काच आणि वर प्लॅस्टिकचा अंगरखा. जोडायला आलेलं पोरगं विशीतलं असेल. ते ओसरीवर मांडी घालून बसलं, काच सोलली, स्पिरिटनं पुसली, एका पेटीत दोन टोकं समोरासमोर धरली, झाकण लावलं आणि ठिणगी पाडून ती एकजीव केली. मी खुर्ची ओढून बघत बसलो होतो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला करमत नाही. त्याला काय ठाऊक, की हा म्हातारा तीस वर्षं तारा जोडत होता आणि त्याचे दोन तुकडे जोडायला पक्कड, जीभ आणि शिव्या एवढं पुरायचं.

मी टेलिफोनचा लाईनमन. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका छोट्या एक्सचेंजवर माझी उभी नोकरी गेली. एक्सचेंज म्हणजे पत्र्याच्या खोलीतला एक डबा. पण डबा म्हणून हसू नका. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट उभं राहिलं आणि त्यांनी खेड्यासाठी जे एक्सचेंज काढलं त्याला एसी लागत नव्हता. पहिलं कर्नाटकात कित्तूरला बसलं, १९८६ साली. आमच्याकडे नंतर २५६ पोर्टचं आलं. धुळीत, दमटपणात, लाईट गेली की बॅटरीवर, बिचारं चालायचं. गिऱ्हाइकं दोनशेच्या आत. कोणाचा फोन कुठल्या पेअरवर, कुठल्या खांबावरून, कोणाच्या आंब्याच्या फांदीला घासून जातो ते मला पाठ होतं. अजून आहे.

पोरगं तार जोडून, मोबाइलवर आकडा दाखवून गेलं. त्यावर ९४ आलं होतं. "शंभरचा प्लॅन आहे आजोबा, थोडं इकडंतिकडं होतं," म्हणालं. शंभर काय, ते सांगितलं नाही. हल्ली कोणी सांगत नाही.

ते सांगायचं काम माझ्याकडे आलं ते भाच्याच्या मुलीमुळं. ती अकरावी सायन्सला. आमच्याकडे वायफाय आल्यापासून संध्याकाळी तिचा मुक्काम ओसरीवर. एक दिवस म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी नेटला किती स्पीड होता?"

मी म्हणालो, "बरी लाईन असली तर अठ्ठावीस हजार आठशे."

ती उडालीच. "आमचा शंभर आणि तुमचा अठ्ठावीस हजार?"

"बिट गं. सेकंदाला बिट. तुझे ते मेगाबिट."

मग वही निघाली आणि मला पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं वाटलं.

बिट म्हणजे एक हो किंवा एक नाही. असे आठ मिळून एक बाइट, म्हणजे ढोबळमानानं इंग्रजीतलं एक अक्षर. इथंच निम्मे लोक फसतात. तार विकणारा बिटांत बोलतो आणि कॉम्प्युटर फाइल दाखवतो ती बाइटांत. लिहिताना फरक फक्त लहान बी आणि मोठा बी एवढाच. बी लहान असला तर बिट, मोठा असला तर बाइट. शंभर मेगाबिटचा प्लॅन घेतला आणि सिनेमा उतरवताना साडेबारा दिसले, की लोक भांडायला येतात. भांडण्यासारखं काही नसतं, शंभराला आठनं भागलं की साडेबाराच येतात. दुधाचा रतीब लिटरात आणि हिशेब मापट्यात, तसला प्रकार.

दुसरी फसगत 'किलो'ची. तारेवरचा किलो हजाराचा. कॉम्प्युटरच्या पोटातला किलो पुष्कळदा १०२४ चा, कारण तो दोनाच्या पटीत मोजतो. आणि तिसरी गोष्ट जुन्यांनाच ठाऊक. मॉडेम अगदी साधेपणानं चालला तर आठ बिटांच्या मागंपुढं एकेक बिट सुरुवात-शेवट सांगायला लावायचा, म्हणजे बाइटला दहा. पुढच्या मॉडेमांनी चुका तपासायची पद्धत आणली तेव्हा ते दोन जादा बिट गेले. म्हणून जुनी माणसं घाईच्या हिशेबात अजून दहानं भागतात. चूक थोडी होते, पण निराशा होत नाही.

तिनं विचारलं, "मग ५६ के कुठून आलं? मध्येच ५६ का?"

हे मला आवडलं. फोनची लाईन माणसाच्या आवाजासाठी बांधलेली. ३०० ते ३४०० हर्ट्झ, त्याच्या खाली-वर काही जाऊ द्यायचं नाही. पुढं डिजिटल एक्सचेंज आलं तेव्हा ह्या आवाजाची सेकंदाला आठ हजार वेळा नोंद घ्यायची असं ठरलं, दर नोंदीला आठ बिट. आठ हजार आठी चौसष्ट हजार. एका माणसाच्या बोलण्याला ६४ किलोबिटांची गल्ली दिली. मॉडेम कितीही हुशार झाला तरी ह्या गल्लीच्या बाहेर जाणार कसा? वरचा थोडा भाग वाटेत जातो, म्हणून नाव ५६ वर थांबलं, आणि तेवढंही क्वचितच मिळायचं. त्यासाठी वाटेत आवाजाचे आकडे एकदाच व्हावे लागतात. आमच्या एक्सचेंजचा वरचा दुवा जुना. आवाजाचे आकडे, आकड्यांचा परत आवाज, असं दोनदा व्हायचं. म्हणून आमच्या गावाला ५६ चा मॉडेमही ३३.६ च्या वर कधी गेला नाही. आणि लाईन खराब असली की मॉडेम २४०० च्या पायऱ्यांनी खाली उतरायचा. ३१,२००, २८,८००, २६,४००, असं करत करत १४,४०० पर्यंत. समजूतदार बैलासारखा. चढ दिसला की पाऊल आखडतं घ्यायचा, पण जू टाकायचा नाही.

१४,४०० हा आकडा तोंडातून गेला आणि मी थांबलो. ती लिहीत होती, तिच्या लक्षात आलं नाही.

साल २००२. आमच्या बाजारपेठेत अण्णांचा एसटीडी बूथ होता. पिवळा बोर्ड, काचेची केबिन आणि आता कोपऱ्यात कॉम्प्युटर. देशात इंटरनेट लोकांना खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, मोठ्या शहरांत. आमच्यापर्यंत ते यायला बरीच वर्षं गेली. १७२ नं सुरू होणारा नंबर कॉम्प्युटर स्वतः लावायचा. मग मॉडेम आधी टूं करायचा, मग किंकाळी फोडायचा, मग खर्रर्र, आणि एकदम गप्प. तो गप्प झाला की समजायचं लागला. खाली कोपऱ्यात चौकट यायची, तीत आकडा. अण्णा तो आकडा मोठ्यानं वाचायचे. लॉटरीचा निकाल वाचल्यासारखा.

आक्काचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा आखातात होता. पत्रे कापायच्या मशीनवर. आक्का माझी थोरली बहीण. शेजारच्याच वाडीत दिलेली. भाऊजी लवकर गेले, तिनं एकटीनं पोर वाढवलं, आणि पोराला पाठवायला दोन एकरांतली एक गहाण टाकली. तिकडून आयएसडी लावायचा म्हणजे पोराचा पगार जायचा. म्हणून तो अण्णांच्या पत्त्यावर मेल करायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि आक्का दर रविवारी तीन मैल चालत यायची. अण्णा वाचून दाखवायचे. तिच्या ओच्यात शेंगा असायच्या, त्या अण्णांच्या टेबलावर. अण्णा पैसे घ्यायचे नाहीत असं नाही, घ्यायचे, पण शेंगा आधी खायचे.

त्या वर्षी पावसानं झोडपलं होतं. बूथच्या लाईनीवर, ओढ्याच्या अलीकडच्या खांबाखाली एक जॉइंट होता. त्यात पाणी गेलंय हे मला आठवडाभर ठाऊक होतं. मेगर लावून बघितलेलं, इन्सुलेशन पार उतरलेलं. बोलणं चाललं होतं, खरखरीसकट. माणसं खरखरीतून बोलतात, त्यांना सवय असते. मी म्हटलं, उघडीप पडली की बघू. हे मी खात्याच्या माथी मारत नाही. जॉइंट माझा, आळस माझा.

त्या रविवारी मी बूथवरच होतो. आक्का स्टुलावर पदर सावरून बसलेली. अण्णांनी लाईन जोडली आणि वाचलं, "चौदा हजार चारशे!" माझ्याकडे बघून म्हणाले, "लाईनीचं काहीतरी करा की हो तात्या." मी मान हलवली.

मेल उघडली. वर चार ओळी आणि खाली फोटो. अण्णांनी फोटोचा आकडाही वाचला, "एकशे ऐंशी के. आज वहिनींना फोटो!" आक्का पुढं सरकली. तिनं दीड वर्षात पोराचं तोंड बघितलं नव्हतं.

त्या काळी फोटो कसा यायचा ते आत्ताच्या मुलांना सांगूनही पटत नाही. तो वरून खाली यायचा. पट्टी पट्टीनं, पडदा सोडल्यासारखा. आधी मागची भिंत आली, मग केस. "भांग बदललाय," आक्का म्हणाली. मग कपाळ. अण्णा फोटोकडं बघत होते, आक्का फोटोकडं बघत होती. मी वरच्या चार ओळी वाचल्या.

त्यात होतं, मामा, उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. पंधरा दिवस झाले. बरा आहे. फोटो पाठवतोय, आईला तुम्ही बघून सांगा.

डोळे आले. भुवईवरचा लहानपणचा व्रण आला. आक्का काही बोलत नव्हती, फक्त तिचा हात पडद्याच्या दिशेनं वर येत होता. नाक आलं. मिशी आली. हनुवटी आली. फोटो कमरेपर्यंतचा होता, हे चौकटीच्या उंचीवरून कळत होतं. पट्ट्या उतरत होत्या आणि मला दिसत होतं, की आता खांदा येणार, मग छाती, मग हात. मी सांगणारा कोण, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे मला सुचत नव्हतं, आणि ती पट्टी काही थांबत नव्हती.

काउंटरच्या टोकाला त्याच लाईनीवरचा दुसरा फोन होता. पॅरलल. मी जाऊन त्याचा रिसीव्हर उचलला.

ज्यांनी डायल-अप वापरलंय त्यांना माहीत आहे, चालू लाईनीवर दुसरा रिसीव्हर उचलला की संपलं. कानात पूर आलेल्या ओढ्यासारखा खर्रर्र आवाज आला, क्षणभर, आणि मग डायलटोन. पडद्यावर फोटो शर्टाच्या कॉलरपाशी थांबला. खाली नुसता राखाडी चौकोन.

"गेली लाईन!" अण्णा ओरडले.

मी रिसीव्हर ठेवला. "ओला जॉइंट आहे ओढ्यापाशी," मी म्हणालो. "उद्या करतो." खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

अण्णांनी परत लावायला घेतलं, तेवढ्यात बाजारातली लाईटही गेली. ते मात्र माझं काम नव्हे. पण त्याआधी आक्कानं ते अर्धं तोंड पोटभर बघून घेतलं होतं. "अंगानं भरलाय," ती म्हणाली. जाताना तिनं माझ्या हातावर शेंगा ठेवल्या आणि चिखलातनं निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी जॉइंट सोडला, सुकवला, नवा मारला. लाईन २८,८०० वर आली. मेल तोवर अण्णांनी, जागा भरते म्हणून, पुसून टाकली होती. आक्काला मी काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. भाच्याला दोन ओळी पाठवल्या, आईला सांगितलंय, काळजी करू नकोस. खोटं होतं ते हे.

पाच महिन्यांनी तो आला. एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघं गेलो होतो. त्यानं बॅग डाव्या हातात धरलेली. आक्कानं बॅग घेतली, मग त्याचा उजवा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि आपल्या दोन हातांत झाकला. रडली नाही. रस्ताभर तो हात तिनं सोडला नाही. तीस वर्षांचा बाप्या आईच्या हातात हात देऊन बाजारातनं चालला होता.

रात्री जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "तात्या, एक इचारू? त्या दिशी अण्णाच्या दुकानात फोन कुनाला लावलास रं?"

"कुणाला नाही."

"तेच म्हनते. उचललास, पर नंबर फिरवला न्हाईस." थोडा वेळ गप्प बसली. "मला पाच म्हैनं वाटत हुतं, प्वार जिवंत हाय का न्हाई. तोंड दावलं आन् पुढचं का न्हाई दावलं, म्हून."

ती पुढंही पंधरा वर्षं होती. तो विषय तिनं परत कधी काढला नाही. मीही नाही. भाच्याला मी कधी विचारलं नाही की फोटोत हात कसा होता. त्यानं इथं वेल्डिंगचं दुकान टाकलं, तीन बोटांनी चांगलं चालवतो, लग्न झालं, ही मुलगी झाली.

आणि ही मुलगी वही पुढं करून म्हणत होती, "आजोबा, १८० केबीचा फोटो तुमच्या १४,४०० वर किती वेळात यायचा?" उदाहरण मीच तिला दिलं होतं. दुसरं सुचलं नव्हतं.

"शंभर सेकंदांत. एक लाख ऐंशी हजार गुणिले आठ, भागिले चौदा हजार चारशे."

"नाही. किलो १०२४ चा धरायचा असं तुम्हीच म्हणालात. १,८४,३२० बाइट. गुणिले आठ, १४,७४,५६०. भागिले १४,४००... एकशे दोन पूर्णांक चार."

मी म्हटलं, बरोबर. इतकी वर्षं मी शंभरच धरून चाललो होतो. वरचे दोन पूर्णांक चार सेकंद कुठं गेले असते, ते मी मनात मोजून बघितलं. आणि आता तेच शंभर मेगाबिटवर, म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट. ०.०१४७ सेकंद. तिनं दोघांचा भागाकार केला, ६,९४४ पट. एवढ्या वेळात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.

तिला वाटत होतं, उजेड जोरात पळतो म्हणून काच जलद. तसं नाही, हे मी तिला सांगितलं. काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो आणि तांब्यातला सिग्नलही साधारण त्याच घरातला. धावण्यात फार फरक नाही. फरक आहे तो एका सेकंदात किती वेळा 'हो-नाही' म्हणता येतं ह्याचा. पाटाचं पाणी आणि ठिबकचं पाणी एकाच उतारानं वाहतं, पण वावर भिजायचा वेळ वेगळा. आता गावात येते ती जीपॉन म्हणून पद्धत आहे. एका काचेवर खाली उतरताना सेकंदाला २.४८८ गिगाबिट, आणि ती एक काच ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. त्याला आपल्या ६४ किलोबिटांच्या गल्लीनं भागा. ३८,८८० येतात. म्हणजे माझ्या अख्ख्या एक्सचेंजची सगळी दोनशे माणसं एकदम बोलायला लागली असती, तरी अशी दोनशेच्या आसपास एक्सचेंजं त्या एका केसाएवढ्या काचेत बसली असती. हे सांगताना मला जरा वाईट वाटलं. माझे खांब अजून रस्त्यानं उभे आहेत, तारा चोरांनी नेल्या. पंचायतीच्या कचेरीत काच भारतनेटमधून आली, २०११ ला मंजूर झालेली योजना, नाव तेव्हा वेगळं होतं. नळीतून काच जाते, खांबावर चढायला नको, ओल लागली तरी विजेसारखी गळत नाही. फक्त वाकवली की रुसते.

"तुमचा तो फोटो कोणाचा होता?" तिनं एकदम विचारलं.

"तुझ्या बाबांचा. आखातातला."

"मग तो आहे की! बाबांच्या सीडीतले सगळे फोटो मी मे महिन्यात क्लाउडवर टाकले." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

एकदम आला. भिंत, केस, कपाळ, व्रण, मिशी, कॉलर, छाती, सगळं एकदम. कुठून बघायला सुरुवात करायची हेच कळेना. मग मी खाली बघितलं.

उजवा हात त्यानं पँटच्या खिशात घातला होता. मनगटापर्यंत. आत काय आहे ते कोणाला दिसलं नसतं.

तेवढ्यात भाचाच तिला न्यायला दारात आला. चपला काढता काढता म्हणाला, "काय मामा, काय बघताय एवढं?"

"काही नाही," मी म्हणालो. "हिला विचारत होतो, वायफायचं बिल कुठल्या तारखेला येतं."